प्रिंटर रोज रुसतोय? विंडोजच्या आत दोष कसा शोधायचा

‘रीस्टार्ट केलं की चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफलाइन.’ तक्रार अशी असेल तर शाई, कागद आणि रोलर यांना दोष देऊ नका. यंत्र खरंच बिघडलं असतं तर ते रीस्टार्टने सुधारलं नसतं. दुखणं बहुतेक वेळा संगणकात असतं आणि ते शोधायला पैसे लागत नाहीत, थोडी शिस्त लागते.

छापायला दिलेलं पान पाच हातांतून जातं. आधी तुम्ही वापरता तो प्रोग्रॅम, मग पानांची रांग सांभाळणारा स्पूलर, मग प्रिंटरच्या भाषेत भाषांतर करणारा ड्रायव्हर, मग पान बाहेर सोडणारं पोर्ट आणि शेवटी प्रिंटर. ‘प्रिंटर रिमूव्ह करून पुन्हा ॲड करा’ हा सल्ला सगळे देतात. पण त्याने फक्त रांग नवी होते. खराब ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात तसाच राहतो आणि पुन्हा ॲड करताना तोच येऊन चिकटतो. म्हणून आधी घोडं कुठे पेंड खातंय ते ठरवायचं आणि मग तेवढ्याच जागी हात घालायचा. एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले आणि प्रिंटर सुरू झाला, तर कशामुळे सुरू झाला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हाताशी काय हवं

- ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. कार्यालयीन संगणक असेल तर तो ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती. त्याशिवाय पुढच्या बहुतेक पायऱ्या अर्ध्यावर अडकतात.
- प्रिंटरचा पूर्ण मॉडेल क्रमांक. नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही. शेवटच्या एका अक्षराने ड्रायव्हर बदलतो.
- विंडोजची आवृत्ती. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि त्यात ‘अबाउट’ इथे दिसते. तिथेच प्रोसेसर एआरएम जातीचा आहे का तेही पाहा. एआरएम संगणकावर इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला ड्रायव्हर चालत नाही, कितीही वेळा टाकला तरी.
- उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर. जुना काढल्यावर नवा शोधायला बसू नका.
- प्रिंटर वायफायवर असला तरी एक यूएसबी केबल.
- रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी खूण. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सिस्टम ड्राइव्हचं संरक्षण चालू आहे ना ते बघा आणि एक पॉइंट बनवून ठेवा.

१. दोष कोणाचा ते आधी ठरवा

संगणकाला हात न लावता प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पान किंवा नेटवर्क रिपोर्ट छापा. ते नीट आलं नाही तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. दोष यंत्रात आहे. नीट आलं तर ते पान जपून ठेवा, त्यावरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा प्रिंटरचा क्रमांक) पुढे लागणार आहे.

मग फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून छापून पाहा. तिथून निघतं आणि तुमच्याकडून निघत नाही, म्हणजे शोध तुमच्या संगणकापुरता उरला.

आता संगणकावर नोटपॅड उघडून दोन ओळी छापा. नोटपॅडमधून येतं पण पीडीएफ येत नाही, असं झालं तर ड्रायव्हर सोडा, प्रोग्रॅमकडे बघा. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ बटण आहे, त्यात ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा. फाँटमुळे अडलेली पीडीएफ त्याने निघते. एवढ्यावर काम झालं तर पुढे वाचायची गरज नाही.

२. अडकलेली रांग रिकामी करा

रांगेत एखादं काम ‘डिलीटिंग’ म्हणत तासन्‌तास बसलेलं असतं आणि त्याच्या मागची सगळी कामं खोळंबतात. ते उजव्या क्लिकने जात नाही, कारण स्पूलरने ती फाइल धरून ठेवलेली असते. आधी स्पूलर थांबवावा लागतो.

१. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ लिहून ते उघडा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, उजवी क्लिक करा, ‘स्टॉप’. खिडकी बंद करू नका.
२. फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्ह, मग ‘विंडोज’, ‘सिस्टम३२’, ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ असं आत जा. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’ म्हणा.
३. आत एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या फाइल्स असतील. एसपीएलमध्ये छापायचा मजकूर असतो, एसएचडीमध्ये त्या कामाची माहिती. दोन्ही प्रकारच्या सगळ्या फाइल्स काढून टाका.
४. सर्व्हिसेसच्या खिडकीत परत येऊन स्पूलरवर ‘स्टार्ट’ करा.

इथे दोन चुका होतात. एक, लोक फाइल्सऐवजी ‘प्रिंटर्स’ हा फोल्डरच उडवतात. दुसरी जास्त महाग: शेजारचा ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरही साफ करतात आणि मग संगणकावरचे सगळे प्रिंटर एकदम जातात. हेही लक्षात ठेवा की या पद्धतीने संगणकावरच्या प्रत्येक प्रिंटरची रांग पुसली जाते. संगणक सामायिक असेल तर आधी इतरांना विचारा.

स्पूलरवर डबल क्लिक केलं तर ‘स्टार्टअप टाइप’ दिसेल, तो ‘ऑटोमॅटिक’ हवा. २०२१ साली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची सुरक्षात्रुटी उघड झाली, तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून स्पूलर बंद करून ठेवायला सांगितलं गेलं होतं. एखाद्या जुन्या संगणकावर ते सेटिंग तसंच राहून गेलेलं असू शकतं. आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर स्पूलरला फाइल लिहायलाच जागा मिळत नाही; मोठी कामं गायब होतात, लहान निघतात. तेही इथेच तपासा.

‘शट डाउन करून पुन्हा लावला, तरी तसंच’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत उचलतं. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ दाबा.

३. स्पूलर पुन्हा पुन्हा कोसळत असेल तर गुन्हेगाराचं नाव वाचा

स्पूलर सुरू केला आणि पाच मिनिटांत पुन्हा बंद दिसला, तर तो आपणहून बंद पडत नाही. त्याच्या आत शिरलेला कुणीतरी त्याला पाडतो. बहुधा एखादा ड्रायव्हर. तो कोणता, हे विंडोज लिहून ठेवतं, पण ती नोंद फारसं कुणी उघडत नाही.

स्टार्टमधून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’ पाहा. तिथे ७०३१ किंवा ७०३४ क्रमांकाची नोंद स्पूलरच्या नावाने असेल तर तो अचानक थांबला हे पक्कं. त्याच वेळेची ‘ॲप्लिकेशन’ या लॉगमधली १००० क्रमांकाची नोंद शोधा. त्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव ‘स्पूलएसव्ही’, म्हणजे स्पूलरच, असेल आणि खाली ‘फॉल्टिंग मोड्यूल नेम’ या ओळीत एका डीएलएल फाइलचं (प्रोग्रॅमच्या सुट्या भागाचं) नाव असेल. ती फाइल शोधून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ पाहा, कंपनीचं नाव कळेल. बऱ्याचदा ते आत्ताच्या प्रिंटरचं नसतंच. केव्हाच टाकून दिलेल्या जुन्या प्रिंटरचं किंवा एखाद्या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं निघतं. तो ड्रायव्हर पाचव्या पायरीप्रमाणे काढा.

स्पूलरच्या ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ लावायचा सल्ला मिळेल. लावा हवं तर, पण ती मलमपट्टी आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमध्येच आणखी एक उपयोगी नोंदवही आहे. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘प्रिंटसर्व्हिस’ आणि त्यात ‘ऑपरेशनल’. ही मुळात बंद असते. उजवी क्लिक करून ‘इनेबल लॉग’ करा आणि एक पान छापा. ३०७ क्रमांकाची नोंद आली म्हणजे विंडोजच्या मते काम पूर्ण झालं. तरी कागद आला नाही तर ड्रायव्हर बदलत बसू नका, पान चुकीच्या दिशेला गेलंय. पुढची पायरी त्यासाठीच.

४. ‘ऑफलाइन’चा रोग: पोर्ट

प्रिंटरचा दिवा चालू, फोनवरून छपाई होते आणि विंडोज मात्र ‘ऑफलाइन’ म्हणतं. याचं मूळ बहुतेकदा पोर्टमध्ये असतं.

सुरुवात सोप्यापासून. रांगेची खिडकी उघडून ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ आणि ‘पॉज प्रिंटिंग’ यांवर खूण नाही ना ते बघा. विंडोज ११च्या नव्या रांग-खिडकीत हे पर्याय जुन्या जागी दिसतीलच असं नाही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा. काही व्हीपीएन स्थानिक नेटवर्कचा रस्ताच तोडतात. संगणक किंवा प्रिंटर राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत, तसं ते मुद्दाम केलेलं असतं.

आता पोर्ट. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, तुमचा प्रिंटर, मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ आणि ‘पोर्ट्स’ टॅब. खूण कोणत्या ओळीवर आहे ते पाहा.

*डब्ल्यूएसडी पोर्ट असेल तर.* विंडोज वायफाय प्रिंटर आपोआप शोधतं तेव्हा बरेचदा हेच पोर्ट लावतं. ते प्रिंटरला नेटवर्कवर हाक मारून शोधतं. हाकेला उत्तर आलं नाही, म्हणजे प्रिंटर गाढ झोपेत असला किंवा राउटरने ती हाक पुढे पाठवली नाही, की ऑफलाइन. कायमचा उपाय म्हणजे पक्क्या पत्त्याचं पोर्ट:

१. कॉन्फिगरेशन पानावरचा आयपी पत्ता घ्या. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर थांबा. प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आधी त्याचं वायफाय नीट जोडा.
२. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा. त्याला ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात. ही पायरी टाळली तर राउटर कधीतरी पत्ता बदलेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.
३. ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग ‘न्यू पोर्ट’. पत्ता लिहा आणि शेवटपर्यंत जा. बहुतेक प्रिंटर ‘रॉ’ पद्धतीने ९१०० क्रमांकावर ऐकतात, विझार्ड तेच धरतो.
४. नव्या पोर्टवर खूण आहे याची खात्री करून ‘अप्लाय’ करा आणि टेस्ट पेज काढा.

यानंतरही अधूनमधून ऑफलाइन दिसत असेल तर त्याच टॅबमध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस इनेबल्ड’वरची खूण काढा. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारत असतं. प्रिंटरने त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही की छापायला तयार असूनही त्याला ऑफलाइन ठरवतं. खूण काढल्यावर शाईची पातळी किंवा कागद संपल्याची सूचना कदाचित दिसणार नाही. हा सौदा परवडतो.

*यूएसबी प्रिंटर असेल तर.* केबल एका खाचेतून काढून दुसरीत लावली की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजू शकतं. यादीत ‘कॉपी १’ अशी जुळी नोंद येते, आणि तुमचे प्रोग्रॅम मात्र जुन्या, आता कुठेच न जोडलेल्या नोंदीकडे पानं पाठवत राहतात. यूएसबी००१, यूएसबी००२ अशा पोर्टांपैकी जिवंत कोणतं ते एकेक निवडून टेस्ट पेज काढून ठरवा, जुळं काढून टाका आणि केबलची खाच बदलू नका. हब किंवा लांब एक्स्टेंशन असेल तर थेट जोडून पाहा.

झोपेतून उठल्यावरच यूएसबी प्रिंटर हरवत असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढा. काही लॅपटॉपवर तो टॅबच नसतो.

५. ड्रायव्हर मुळापासून उपटा

पानावर अगम्य चिन्हं, एक ओळ छापून कोरी पानं, रंग किंवा दोन्ही बाजूंच्या छपाईचा पर्याय गायब: ही ड्रायव्हरची लक्षणं. चिन्हांच्या पानांमागचं कारण साधं आहे. पीसीएल भाषेचा ड्रायव्हर लावला आणि प्रिंटरला ती भाषा येत नाही, तर तो आज्ञाच मजकूर समजून छापतो. स्वस्त प्रिंटरपैकी अनेकांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांपैकी काहीच येत नाही. त्यांना त्यांच्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

उपटण्याआधी एक छोटा प्रयोग. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘इनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स’वरची खूण काढून छापा. विंडोज मग पान मध्यस्थ स्वरूपात साठवत नाही, प्रिंटरच्या भाषेत तयार करूनच रांगेत ठेवतं. अर्धवट किंवा विस्कटलेली पानं यानेच सुधारली तर पुढचं टाळा. पुस्तिका छपाईसारखे काही पर्याय मात्र जातील.

नाही जमलं तर, याच क्रमाने:

१. यूएसबी केबल काढा.
२. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून प्रिंटर कंपनीचे सगळे प्रोग्रॅम काढा.
३. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून प्रिंटर रिमूव्ह करा.
४. त्याच पानावर खाली ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ आहे. ‘ड्रायव्हर्स’ टॅब उघडा. ‘रिमूव्ह’ बटण मंद दिसत असेल तर ‘चेंज ड्रायव्हर सेटिंग्ज’ दाबा.
५. ड्रायव्हर निवडा, ‘रिमूव्ह’ दाबा आणि दोनपैकी ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा दुसरा पर्याय घ्या. सगळी मेख इथे आहे. पहिला पर्याय पॅकेज साठ्यात ठेवतो.
६. ‘ड्रायव्हर इन यूज’ असं उत्तर आलं तर सर्व्हिसेसमध्ये स्पूलर रीस्टार्ट करा आणि लगेच, त्याने ड्रायव्हर पुन्हा उचलण्याआधी, काढा. दोन-तीनदा करावं लागतं.
७. रीस्टार्ट, मग उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. यूएसबी केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावा. आधी लावली तर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर पुढे करतं.

उत्पादकाकडे तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हरच नसेल तर ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ हा विंडोजमधलाच सर्वसाधारण ड्रायव्हर वापरून पाहा (आयपीपी ही छपाईची प्रमाणित पद्धत). मोप्रिया या छपाई क्षेत्रातल्या संघटनेचं प्रमाणपत्र असलेले प्रिंटर त्यावर चालतात. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्येच जाहीर केलंय की इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं ते टप्प्याटप्प्याने थांबवणार आहेत. जुना प्रिंटर असेल तर चालणारी ड्रायव्हर फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

६. चुकीच्या प्रिंटरवर पान जातंय?

विंडोजमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ हे सेटिंग आहे. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटरच डीफॉल्ट होतो. एकदा पीडीएफवर ‘छापलं’ की पुढची सगळी कामं फाइल बनायला निघतात. ते बंद करा आणि डीफॉल्ट हाताने ठरवा.

७. कालपर्यंत चालत होता, अपडेट आलं आणि बंद

असा संशय खरा निघाल्याची उदाहरणं आहेत. मार्च २०२१च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर छापायला दिलं की विंडोज कोसळून निळा पडदा येत होता. जानेवारी २०२५च्या पूर्वावलोकन अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपणहून अर्थहीन अक्षरं छापू लागले. यूएसबी आणि आयपीपी अशा दोन्ही पद्धतींनी बोलणाऱ्या यंत्रांना पाठवलेले अंतर्गत संदेशच कागदावर उतरत होते. दोन्ही वेळा नंतरच्या अपडेटने दुरुस्ती झाली.

म्हणून ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘अपडेट हिस्टरी’ उघडून तारीख जुळवा. जुळली तर आधी नवं अपडेट आलंय का पाहा. नसेल तरच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून तेवढं काढा. ते कायमचं रोखून ठेवू नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात.

दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेला प्रिंटर जोडताना ‘११बी’ने संपणारा एरर येत असेल, तर त्याचं मूळ सप्टेंबर २०२१च्या अपडेटमध्ये सक्तीच्या झालेल्या कडक तपासणीत आहे. एक संगणक अद्ययावत, दुसरा जुनाट, असं असलं की दोघांचं पटत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ती तपासणी बंद करायचा तोडगा सर्रास सांगितला जातो, पण त्याने बंद केलेलं भोक पुन्हा उघडतं. दोन्ही संगणक अपडेट करा. नाहीच जमलं तर शेअरिंग सोडून प्रिंटर प्रत्येक संगणकावर आयपी पत्त्याने थेट जोडा.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आला आहे. तो चालू केला की इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून जातात. प्रिंटर एकदम नाहीसा झाला असेल तर हे सेटिंग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्येच खाली पाहा.

८. विंडोजच्याच फाइल्स बिघडल्या असतील तर

टेस्ट पेजही निघत नाही, कुठलाच प्रिंटर ॲड होत नाही, स्पूलर सुरूच होत नाही, असं असेल तरच इथवर या. डीआयएसएम आणि एसएफसी ही विंडोजच्या फाइल्स तपासून दुरुस्त करणारी विंडोजमधलीच साधनं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून आधी डीआयएसएमची ‘रिस्टोअरहेल्थ’ आज्ञा चालवा आणि नंतर एसएफसीची ‘स्कॅननाऊ’. क्रम उलटा नको, कारण एसएफसी चांगल्या फाइल्स ज्या साठ्यातून आणतं तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं. मधेच आकडा थांबलेला वाटला तरी खिडकी बंद करू नका.

त्यानेही भागलं नाही तर विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ इथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ आहे. ते विंडोज पुन्हा बसवतं. तुमच्या फाइल्स, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज राहतात. तरी बॅकअप घ्याच. त्याच पानावरचं ‘रीसेट धिस पीसी’ चुकून दाबू नका, त्यात प्रोग्रॅम जातात.

९. मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक करा आणि ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टम’ निवडा. सगळे प्रिंटर आणि स्कॅनर निघून जातात, त्यामुळे त्यांचे पत्ते आधी लिहून घ्या. पुन्हा जोडताना ‘यूज’ समोर एअरप्रिंट (ॲपलची वेगळा ड्रायव्हर न लागणारी पद्धत) मिळत असेल तर तेच घ्या.

लिनक्सवर छपाई कप्स नावाची प्रणाली सांभाळते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, अपूर्णविराम आणि ६३१ असा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं. प्रिंटर ‘पॉज्ड’ दिसत असेल तर ‘रिझ्यूम’ करा. एक काम फसलं की कप्स पूर्ण रांग थांबवू शकतं. हे वारंवार होत असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘एरर पॉलिसी’ ही ‘स्टॉप प्रिंटर’वरून ‘रिट्राय जॉब’ करा.